डुकरांचा पाटील

"तुमची सगळी उत्तरं जुळतात," इमिग्रेशनचा म्हातारा अधिकारी म्हणाला. "टूथब्रशच्या रंगापासून पलंगाच्या बाजूपर्यंत. माझी आणि माझ्या बायकोची तीस वर्षांत कधी जुळली नाहीत."

समोर गिरीश आणि लतिका, नवं जोडपं, बसलं होतं. लतिकाच्या वडिलांनी महिनाभर जेवणानंतर दोघांची उजळणी घेतली होती. लतिका न्यू हॅम्पशरमध्येच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. गिरीश साताऱ्याहून एम. एस. करायला आलेला. लग्न खरं ठरलं तर त्याला राहता येणार होतं, खोटं ठरलं तर परतीचं विमान. साल सत्त्याऐंशी. खोट्या लग्नांवर नुकताच नवा कायदा आला होता आणि प्रत्येक परदेशी नवरा चोर ठरत होता.

मग लग्नाचे फोटो निघाले. पहिल्यात नवरा-नवरीच्या मध्ये कापड धरलेलं. एकमेकांना दिसू नये म्हणून, असं गिरीशने प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्यात लतिका ढसाढसा रडत होती. तिसऱ्यात लतिकाचा भाऊ गिरीशचा कान पिळत होता. तो फोटो अधिकाऱ्याने पुरावा म्हणून वेगळा काढला. लग्नाआधी किती ओळख होती, या प्रश्नावर दोघांनी एका सुरात उत्तर दिलं, एक प्लेट पोहे.

घोडं तिथेच अडलं. लग्न ठरवून झालं होतं हे खरं, पण आता लतिका नुसती शिंकली तरी गिरीशचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. हे कुठे लिहून द्यायचं, ते त्याला कळेना.

लतिकाचा धीर सुटला. "आमच्या गावाने ह्याला हॉग रीव्ह केलंय," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "खोट्या नवऱ्याला करतात का?"

"ते कशाला इथे, यार," गिरीश मराठीत पुटपुटला. दुष्काळात तेरावा महिना.

मार्चच्या गावसभेपासून तो तोंड लपवत होता. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून येऊन वसलेल्या लोकांनी डुकरं मोकळी सोडली, ती शेजाऱ्यांच्या मक्यात घुसली, आणि ती आवरायला कायद्याने एक माणूस नेमायची पद्धत पडली. तोच हॉग रीव्ह, म्हणजे डुकरांचा पाटील. कुणालाच नको असलेलं हे काम गाव नव्या नवरदेवाच्या गळ्यात मारायचं. पुढे इंग्लंडचा राजा गेला, मक्याची शेतं गेली, डुकरंही गेली. पद तेवढं राहिलं. यंदा गावात नवा नवरदेव एकटा गिरीश. सगळ्यांनी हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. ज्याच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं, त्याने डुकरं धरण्याची शपथ घेतली. आईला त्याने गावात निवडून आलो एवढंच कळवलं होतं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तोही त्याच मुलखातला, जुन्या वसाहतवाल्यांच्या घराण्यातला. चेहरा एकदम गंभीर करून त्याने विचारलं, शपथेला कुठला हात वर केला? गिरीश म्हणाला, उजवा. लतिका म्हणाली, डावा, उजव्या हातात तर कॉफी होती. गिरीश म्हणाला, कॉफी नंतर आली. लतिका म्हणाली, तुला काही आठवत नाही, तू माझा वाढदिवससुद्धा विसरलास. हे वडिलांनी शिकवलेलं नव्हतं. दोघांची तिथेच जुंपली. अधिकारी मधे पडला नाही. शांतपणे ऐकत राहिला.

भांडण दमल्यावर त्याने शेवटचा प्रश्न विचारला. आतापर्यंत किती डुकरं पकडलीत?

गिरीशला वाटलं, दोन तरी सांगावीत. नोकरी, घर, बायको, सगळं त्या दोन डुकरांवर येऊन थांबलं होतं. त्याने लतिकाकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती.

"एकही नाही," तो म्हणाला. "गावात डुक्करच नाही."

अधिकाऱ्याने शिक्का उचलला, कागदावर मारला आणि कान पिळल्याचा फोटो परत केला.

"खोटा नवरा असता," तो म्हणाला, "तर एखादं नक्की पकडलं असतं."