मोडकी मराठी

विनोदी मालिकेत मुस्लिम कुटुंबातल्या अम्मीचं काम करायला रत्नागिरीच्या रुकय्या मुकादम उभ्या होत्या. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, मराठी जरा मोडकी बोला. लोक हसले पाहिजेत."

"माझी मराठी मोडत नाही, बाळा. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या हीच बोलतात."

"मग दुसरी बाई बघावी लागेल."

"बघ. पण आधी एकदा माझ्या पद्धतीनं होऊ दे."

कॅमेरा सुरू झाला. शेजारणीचं काम करणारी नटी लिहून दिल्याप्रमाणे म्हणाली, "अय्या, किती छान मराठी बोलता तुम्ही!"

रुकय्यांनी आपलं लिहिलेलं वाक्य सोडून दिलं. "तुम्हीही बरी बोलता हो. कुठे शिकलात?"

लाइटवाल्यांपासून मेकअपवालीपर्यंत सगळे खो-खो हसले. दिग्दर्शकालाही हसू आवरेना. "हेच ठेवू," तो म्हणाला.

रुकय्यांनी ओढणी सारखी केली. "आता पुढचा सीन आण. तोही दुरुस्त करू."