चुन्याची रिंगणं

माळावरचा मुरूम उपसायचा परवाना निघाला, तो अडवणं वनमजूर हौसाबाईच्या हातात नव्हतं. तिने चार दिवस उन्हात वाकून धाविक पक्ष्यांची अंडी शोधली. घरटं कसलं, नुसती खड्यांत ठेवलेली मातकट अंडी. प्रत्येक जागेभोवती तिने चुन्याचं रिंगण आखलं आणि जेसीबीवाल्या दस्तगीरला विनवलं, "बाबा, एवढं सोडून खोद."

मग रोपवाटिकेच्या कामाला जुंपलेली हौसाबाई तीन आठवड्यांनी परतली. सातही रिंगणं शाबूत होती, पण भोवतीचा माळ पुरुषभर खोल गेला होता. गवत, वरची माती, त्यातले किडे, सगळं डंपरमधून गेलं होतं. रिंगणं तेवढी ओट्यांसारखी उभी होती.

"एकालाही धक्का लावला नाही, मावशी," दस्तगीर उत्साहाने म्हणाला.

तिला त्याच्यावर रागावताही येईना. पाच ओट्यांवरची अंडी पाखरांनी कधीच टाकून दिली होती. दोन ठिकाणी पिल्लं निघाली होती. धाविकाचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून किडे टिपायला धावतं. ही धावली आणि खाली कोसळली. दोन मेली होती, तीन धुगधुगत होती.

"यंत्र बंद कर आणि खाली खड्ड्यात उतर," ती म्हणाली. "माझे गुडघे चालत नाहीत."

दस्तगीरने पिल्लं ओंजळीत वर आणली. दोघांनी ती पलीकडच्या गवतात, सैरभैर फिरणाऱ्या आईबापांजवळ सोडली. तिथे पुढच्या खोदाईचे खुंटे आधीच ठोकलेले होते.