‘थांबा’ म्हणायचं नाटक

“थांबा!” फोर्तुनाता ओरडली आणि बाकावरून उठली.

नाटक थांबलं. नियमच होता तसा. पात्राचं काही चुकतंय असं वाटलं, की बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, त्या पात्राच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. मागच्या महिन्यात याच मंडळींनी बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं नाटक केलं होतं. तेव्हा गावातल्या चार बायकांनी पाळीपाळीने त्या नवऱ्याला असं काही सुनावलं, की फोर्तुनाताच्या दिराने त्या दिवसापासून बायकोवर हात उगारला नव्हता.

आजचं नाटक एका आईचं होतं. पोलीस कप्तान दारात येतो, मुलगा कुठाय विचारतो, आणि आईला खोटं बोलायचं असतं.

आतापर्यंत दोघी जाऊन आल्या होत्या. पहिली रडली. दुसरी म्हणाली, पोरगा लिमाला गेला. कप्तानाने पत्ता विचारताच तिला हसू फुटलं.

“दोघींनी माती केली,” शेजारची हुस्तिना म्हणाली होती. “जा गं, तू दाखव. तुला तर रोजचा सराव.”

सराव होताच. अकरा महिन्यांपूर्वी खाणीचे दोन डंपर जळाले आणि एक पहारेकरी मेला. तेव्हापासून पोलिसांना तिचा पोरगा सिप्रियानो हवा होता. त्याच्याबरोबरचा तिमोतेओ त्यांना जिवंत सापडला होता. चौथ्या दिवशी तो पेटीतून घरी आला. पेटी उघडायची नाही, असा वरून हुकूम होता.

सिप्रियानो कुठे आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिमोतेओच्या आईलासुद्धा. पोलीस तीनदा येऊन गेले, दारोदार एकच प्रश्न विचारून गेले. प्रत्येक दारात लोक मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. तोंडातून एक शब्द निघाला नाही.

फोर्तुनाताची तऱ्हा निराळी होती. ती विचारणाऱ्याच्या सदऱ्याचं तिसरं बटण डोळ्यांनी धरून ठेवायची. नजर तिथून हलवायची नाही, मग आभाळ कोसळो.

ती चर्चच्या पायऱ्या चढून वर गेली. कप्तान झालेला नट तिच्यासमोर ताठ उभा राहिला, त्याच्या मागे लाकडी बंदुका घेतलेले दोन शिपाई. मागच्या महिन्यात यांच्या टोप्यासुद्धा पुठ्ठ्याच्या होत्या. आज बटणंही पितळी होती.

मंडळींची प्रमुख रोसिओ नेहमीसारखी खाली, नाटकाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभी होती. हातात भाजलेल्या मक्याची पुडी. “नाटक मला पाठ आहे,” ती सांगायची. “मी तुमचे चेहरे बघायला येते.” गावाला तिचं हे बोलणं फार आवडायचं.

“म्हातारे, पोरगा कुठाय?” कप्तानाने विचारलं.

“कुठला? दोघांना मातीत घातलं, एक पोटातच गेला. कुठला देऊ?”

“जिवंत आहे तो.”

“जिवंत आहे? देव तुमचं भलं करो साहेब. मला तेवढंही कुणी सांगत नव्हतं.”

लोक हसले. कप्तान एक पायरी उतरून तिच्याजवळ आला.

“घरात किती ताटं वाढतेस?”

“दोन.”

“दुसरं कुणाचं?”

“कुत्र्याचं. तुम्ही बसा, तिसरं वाढते.”

चौकात शिट्ट्या वाजल्या. गावप्रमुखाने मांडीवर थाप मारली. रोसिओ वळली नाही.

“मावशी, झकास!” ती म्हणाली. “कप्तान, तू ढिला पडतोयस. लाव की जोर.”

कप्तानाने कमरेचा वायरलेस कानाला लावला. काहीतरी ऐकल्यासारखं केलं. मग फोर्तुनाताच्या डोक्यावरून लांब बघत तो गरजला, “सापडला! ते बघा, धरून आणतायत त्याला!”

वाऱ्याने जवाचं शेत एका अंगाला झुकावं तसा सगळा चौक डावीकडच्या चढाकडे वळला.

फोर्तुनाता वळली नाही. तिसरं बटण. बटणावरचे ओरखडे तिने डोळ्यांनी दोनदा मोजले. मागे बाकं करकरल्याचं तिला ऐकू आलं.

“आणलाय तर आणा इकडे,” ती म्हणाली. “बघू दे, माझ्या पोरासारखा दिसतो का.”

मग हुस्तिनालाच पहिलं हसू फुटलं. “अगं बाई! आम्ही सगळे येडे फसलो, आणि हिची पापणी लवली नाही!” मग सगळं गाव एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत सुटलं. तिमोतेओची आईसुद्धा हसली, वर्षभरात पहिल्यांदाच.

रोसिओने वर येऊन फोर्तुनाताला मिठी मारली. “इतकी वर्षं फिरतेय मावशी, पण असं कुणाला जमलं नव्हतं.”

“पोटचं असलं की जमतं,” फोर्तुनाता म्हणाली.

ती घरी गेली. आज पाय जमिनीला लागत नव्हते. तिने उकडलेले बटाटे आणि चीजचा मोठा तुकडा फडक्यात बांधला आणि नाटकवाल्यांच्या निळ्या ट्रककडे आली. बायका अजून तिसऱ्या ताटावरून हसत होत्या. कप्तान ट्रकला टेकून सिगारेट ओढत होता.

“कपडे उतरव की रे आता,” ती त्याला म्हणाली. “संपलं नाटक. आणि रोसिओ कुठाय? तिच्यासाठी आणलंय हे.”

त्याने हनुवटीने डावीकडच्या चढाकडे खूण केली.

रोसिओ वर निघाली होती. मागे नाटकातले दोघे शिपाई होते, आणि त्यांच्या हातात लाकडी बंदुका नव्हत्या. कुणालाही वाट न विचारता ती सरळ बियाण्याच्या बटाट्यांच्या कोठाराकडे चालली होती, जिकडे मघाशी एक फोर्तुनाता सोडून सगळ्या गावाने वळून बघितलं होतं.