आवाजाचा परवाना

घशाच्या ऑपरेशनआधी वकिलांच्या बायकोने चार दिवस स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला होता. वाचा गेल्यावर ती टॅबवर टाइप करायची, टॅब हुबेहूब तिच्या आवाजात बोलायचा, टोमणेसुद्धा मारायचा. सोमवारी सॉफ्टवेअरची कंपनी बंद पडली, टॅब मुका झाला. "बाबा, खटला भरा," लेक म्हणाली. वकिलांनी करार वाचला. आवाजाची मालकी कंपनीची; कंपनी बंद, तर परवानाही रद्द. असली कलमं तीस वर्षं त्यांनीच कंपन्यांना लिहून दिली होती. "पण आवाज आईचाच ना?" "ऑपरेशनच्या धास्तीत मी न वाचताच सही केली, बाळा." लेकीने दुसरं सॉफ्टवेअर बसवून दिलं. दुपारी हॉलमधून अनोळखी बाईचा आवाज आला, "अहो, जरा येता का?" कोणी अशील असेल म्हणून वकील शर्टाची बटणं लावत बाहेर आले. टॅब छातीशी धरून बायको उभी होती.