हिरवा दिवा

आईची गोळी पोटात विरघळली की त्यातला इवलासा यंत्रकण संदेश पाठवी आणि नाशिकला मृण्मयीच्या ओट्यावरचा दिवा हिरवा होई. सकाळी आठ वाजेपर्यंत तो लालच राहिला, तर मृण्मयी देवरुखला आईला फोन लावी. उदासीवरची ही गोळी मध्येच चुकवणं बरं नव्हतं. चुकली की आईला चक्कर येई आणि रात्री झोप लागत नसे.

सोमवारी आईचे डॉक्टर मांद्रेकर यांनी मृण्मयीसमोर चार महिन्यांची नोंद पडद्यावर पाहिली.

"बारा वेळा गोळीला उशीर झालाय आणि बाराही वेळा रविवारी. आई उपवास करतात का?"

"रविवारी? रविवारी तिला मटण लागतं."

डॉक्टर हसले. "मग रविवारी असतं काय?"

रविवारी मृण्मयीला सुट्टी असे. त्या दिवशी लाल दिवा पाहून केलेला फोन तासभर चाले. एरवी दिवा हिरवा दिसला, की आई ठीक आहे असं समजून ती कामाला लागे. दिवा हिरवा असताना तिने आईला कधीच फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दिवा सातलाच हिरवा झाला. तिने फोन लावला.

"अगं, घेतली मी गोळी! लाल दाखवतोय की काय?"

"नाही आई, हिरवाच आहे."



"मग फोन कशाला केलास?"

"असाच. काय करतेयस?"

"थांब हं," आई म्हणाली, "गॅस बंद करून येते."