लंबूमामा

नातू मानस चार वर्षांचा झाला तरी नर्सरीत तोंड उघडेना, म्हणून माझा मुलगा यतीन आणि सून उत्तरा त्याला गुडगावच्या काउन्सेलर मॅडमकडे घेऊन गेले. घरी माझ्यापाशी तो अखंड बडबडायचा. बाल्कनीत बसवून मी त्याला वरणभात भरवायचे, तेव्हा समोरच्या टॉवरवरच्या क्रेनला आम्ही लंबूमामा म्हणायचो. ते ऐकायला मॅडम काही आल्या नाहीत. खुर्चीत बसूनच त्यांनी सांगितलं, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, घरात फक्त इंग्लिश बोला.

"आई, प्लीज, मराठी बिल्कुल बंद," यतीन म्हणाला. करोल बागेतले भाजीवाले मी हिंदीत सरळ केले, पण इंग्लिश कुठून आणू? आणि नातवाच्या भल्याच्या आड यायला मी काही अडाणी नाही. मुकाट्याने घास भरवू लागले.

आता मानस शाळेत बोलतो, घरीही बोलतो, आणि क्रेनला क्रेनच म्हणतो. मॅडमचं कौतुक संपत नाही.

 

काल मानस शाळेत गेल्यावर उत्तरा यतीनला चक्क मराठीत म्हणाली, "आई हल्ली अगदीच गप्प असतात रे. एकदा मॅडमना दाखवू या का त्यांना?"