विमानाच्या पोटातली सीट

"एकही जागा रिकामी नाही, मुकादम," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "बाळाला मांडीवर घ्यावं लागेल. ही तिची कारमध्ये बांधायची सीट सामानात जाईल. लावू टॅग?"

एकटीच माहेरी निघालेल्या बायकोकडे मुकादमाला बघवेना. गेली अकरा वर्षं तो याच विमानतळावर विमानांच्या पोटात सामान भरत होता. बुधवारी सकाळच्या या विमानाचं पोट निम्मंही भरत नाही, हे त्याला पाठ होतं. खाली रिकामं म्हणजे वरही रिकामं, असं धरून तो घरी छातीठोकपणे सांगून बसला होता, की शेजारची खुर्ची मोकळीच मिळेल, तिच्यावर सीट बांध, चिमी तिच्यात झोपून जाईल. बुधवारी जातात ती ऑफिसची माणसं, आणि ती पाठीवरच्या एका बॅगेनिशी जातात, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. वर कोण बसतं ते पाहायला तो कधी चढला होता?

"लावा टॅग," बायको म्हणाली. कडेवरची दीड वर्षाची चिमी काउंटरवरच्या पेनाकडे झेपावत होती.

"थांब," मुकादम म्हणाला. "सीट राहू दे. मी घरी घेऊन जातो."

"आणि तिथे उतरल्यावर? तीन तासांचा घाट आहे. दादा रात्रभर बाबांपाशी दवाखान्यात जागलाय, त्याच डोळ्यांनी गाडी चालवणार. हिला नुसती मांडीवर घेऊन बसू?"

"सामानात नको म्हणतोय ना."

"का पण? खाली तुमचीच तर माणसं आहेत."

ती हे कौतुकाने म्हणाली, म्हणून ते त्याला जास्त लागलं. लोकांचं सामान आम्ही फुलासारखं ठेवतो, असं त्यानेच तिला सांगून ठेवलं होतं. तिच्या दंडाला धरून त्याने तिला रांगेतून बाजूला घेतलं. सीट त्याच्या दुसऱ्या हातात होती.

"कारची सीट आम्ही सगळ्यात शेवटी टाकतो," तो म्हणाला. "सामानाचा ढीग घसरू नये म्हणून. सामान अडवणाऱ्या जाळीच्या आत पाचरीसारखी बसवतो. हाताने बसली नाही तर लाथेने. तिच्यात काचबीच काही नसते, म्हणून. युक्ती माझीच आहे. नव्या माणसांना मीच शिकवतो."

"मग काय झालं? प्लॅस्टिक तर आहे."

"सीटबरोबर आलेली पुस्तिका मी वाचली. जोरात आपटली तर आतून तडकते. बाहेरून दिसत नाही. मग नेमकी अपघाताची वेळ आली की मोडते."

चिमीने बायकोचं कानातलं ओढलं, ते तिने ओढू दिलं.

"फोन करा ना त्यांना. आपली तेवढी नीट ठेवा म्हणावं."

"इथले ठेवतील. तिथे उतरवणारे वेगळे आहेत."

"ते कसे आहेत?"

"आमच्यासारखेच."

तिने चिमीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तिथून रेल्वेने जाते मी. दादाला येऊ नकोस म्हणून कळवते."

"संध्याकाळ होईल. बाबांना चारला ऑपरेशनला नेणार."

"माहीत आहे मला." तिने चिमीच्या मुठीतून कानातलं सोडवलं. "फोनवर बोलेन त्यांच्याशी. पुस्तिका वाचून किती दिवस झाले तुम्हाला?"

"आठ महिने."

"आणि त्यानंतर किती सीटा भरल्या?"

आठ महिन्यांपूर्वी पुस्तिका वाचून त्याला झोप लागली नव्हती, हे खरं होतं. सकाळी तो कामावर गेला, तेव्हा आपलीच शिकवण आपल्या तोंडाने खोटी कशी पाडायची, एवढ्यावरच गाडी अडली. त्या दिवशी जे राहिलं ते राहूनच गेलं. बायकोने उत्तराची वाट पाहिली नाही. काउंटरवर जाऊन तिने आपले कागद घेतले आणि ती तपासणीच्या दाराकडे चालू लागली. तिने वळून पाहिलं नाही. खांद्यावरून चिमी तेवढी हात हलवत होती.

तो तिथेच उभा राहिला. काउंटरवर आता एक तरुण जोडपं होतं, त्यांचं तान्हं बाळ बाईच्या छातीशी झोळीत बांधलेलं. नवऱ्याने हिरव्या रंगाची कोरी सीट पट्ट्यावर ठेवली आणि मुकादमाच्या हातातली सीट पाहून विचारलं, "तुम्ही नाही पाठवली? काही प्रॉब्लेम असतो का?"

काउंटरवरची मुलगी मुकादमाकडे बघत होती. सगळा विमानतळ त्याला ओळखत होता.

"छे हो," मुकादम म्हणाला. "आम्हाला तिथे तिचं काम नाही."

पट्टा सुरू झाला. हिरवी सीट रबरी झालरीतून आत गेली. मुकादम तडक बाहेर आला. त्याने आपली सीट पायाशी ठेवली आणि खाली काम करणाऱ्या आपल्या माणसाला फोन लावला.

"सकाळच्या विमानाला एक हिरवी सीट येतेय. ती हळू ठेवा. लाथबीथ मारू नका."

"वहिनींची ना?" पलीकडचा हसून म्हणाला. "काळजीच करू नका. मांडीवर घेऊन बसतो तिला."

"तिची नाही," मुकादम म्हणाला. "दुसऱ्या कुणाची तरी आहे."

पलीकडे सामानाची गाडी खडखडत थांबली.

"मग हळू कशाला?" पलीकडच्याने विचारलं.